वाचक विचारतात: रियाधच्या शोला टाळ्या वाजवायच्या का?

गेल्या अंकात मी रियाध कॉमेडी फेस्टिव्हलवर अर्धं पान लिहिलं होतं. २६ सप्टेंबर ते ९ ऑक्टोबर २०२५, जगातले पन्नासहून जास्त कॉमेडियन सौदी सरकारच्या पैशानं तिथं शो करून आले आणि मला ते पटलेलं नाही, एवढंच म्हटलं होतं. त्यावर बरीच पत्रं आणि मेल आले, काही रागावून लिहिलेले, काही खरंच गोंधळून. त्यातले सहा प्रश्न इथं घेतलेत. नावं कुणाचीच देत नाही, कारण लिहिणाऱ्यांपैकी काहींचं घर आखातातल्या पगारावर चालतं आणि तिथं काय कधी अंगाशी येईल सांगता येत नाही.

प्रश्न : ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि वीकेंडला कॉमेडीचे ओपन माइक करतो. तुमचं पान आमच्या ग्रुपवर फिरलं आणि भांडण झालं. माझं म्हणणं, डेव्ह चॅपेल, बिल बर, केव्हिन हार्ट ही माणसं काम करायला गेली, पैसे घेतले, लोकांना हसवलं, परत आली, त्यात सरकारशी त्यांचा काय संबंध? कलाकारानं आधी देशाचं कॅरेक्टर सर्टिफिकेट मागायचं का? मग तर कुठंच शो करता येणार नाही.

तू स्वतः माइक हातात घेतोस म्हणून तुला माइकपासूनच सांगते. अत्सुको ओकात्सुका नावाच्या कॉमेडियनला या फेस्टिव्हलचं बोलावणं आलं होतं, तिनं नाही म्हटलं आणि आलेल्या ऑफरमधल्या अटींचे स्क्रीनशॉट टाकले. त्यात काय होतं, तर सौदी अरेबिया, तिथलं नेतृत्व, राजघराणं, सरकार, न्यायव्यवस्था आणि कुठलाही धर्म यांची बदनामी होईल, थट्टा होईल, त्यांना ओशाळं वाटेल असं काही बोलायचं नाही. म्हणजे बघ, एखाद्या कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात बॉसवर जोक मारू नका म्हणतात तेवढं हे साधं नाही, कारण इथला बॉस म्हणजे तो माणूस आहे ज्याच्यावर बोललं तर तिथला नागरिक तुरुंगात जातो, आणि तू पैसे घेऊन लिहून देतोयस की त्याच्याबद्दल मी गप्प बसेन. टिम डिलन म्हणून एक आहे, त्याला एका शोचे पावणेचार लाख डॉलर मिळणार होते असं त्यानंच सांगितलं, आणि पॉडकास्टवर तिथल्या राबणाऱ्या मजुरांवरून काहीतरी बोलला म्हणून त्याला काढून टाकलं, हेही त्यानंच सांगितलं. म्हणजे अट नुसती कागदावर नव्हती.

आता दुसरी गोष्ट, जी तुझ्या ग्रुपवर कुणी बोललं नसेल. सौदीत स्टँडअप काही २०२५ मध्ये अमेरिकेहून आलेलं नाही, त्यांचे स्वतःचे कॉमेडियन आधीपासून होते. फहद अल-बुतैरी हा त्यातला पहिल्या फळीतला, यूट्यूबवर तुफान चालायचा. त्याची त्या वेळची बायको लुजैन अल-हथलूल, बायकांना गाडी चालवू द्या म्हणून लढणारी. २०१८ मध्ये तिला अमिरातीतून आणि त्याला जॉर्डनमधून उचलून सौदीत आणल्याच्या बातम्या आल्या. मे २०१८ मध्ये लुजैनला अटक झाली आणि जून २०१८ मध्ये सौदीत बायकांवरची गाडी चालवायची बंदी उठली. तारखा परत वाच. जी मागणी मान्य केली ती मागणाऱ्या बाईला महिनाभर आधी आत टाकलं, ती बाहेर आली फेब्रुवारी २०२१ मध्ये. मग त्याच देशात कॉमेडीचा महोत्सव भरतो, आणि चॅपेल स्टेजवरून म्हणतो की अमेरिकेपेक्षा इथं बोलणं सोपं आहे. त्याला असेलही सोपं, तो शो संपवून विमानात बसणार होता. महोत्सव चालू असतानाच २ ऑक्टोबर येऊन गेला, २०१८ मध्ये त्याच तारखेला पत्रकार जमाल खशोगी इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत लग्नाची कागदपत्रं आणायला गेला आणि आतच मारला गेला, बाहेर त्याची होणारी बायको वाट बघत उभी होती.

कॅरेक्टर सर्टिफिकेटचं म्हणशील तर तसं कुणी मागतच नाहीये. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांच्या संस्थेनं कॉमेडियन लोकांना जाऊ नका असंसुद्धा म्हटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की जाताय तर तिथं तुरुंगात असलेल्यांची सुटका मागा, त्यांनी दोन नावंही दिली होती, वलीद अबुल्खैर हा वकील, २०१४ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झालेला, आणि मनाहेल अल-ओतैबी ही फिटनेस ट्रेनर. नंतर अझीझ अन्सारीनं मानधनातले काही पैसे याच संस्थेला द्यायची तयारी दाखवली तेव्हा त्यांनी ते घेता येणार नाहीत म्हणून सांगितलं. जेसिका किर्सननं मात्र सरळ माफी मागितली, झालं ते चुकलं म्हणाली आणि सगळं मानधन मानवी हक्कांच्या कामाला दिलं. मला तिचं वागणं मोठं वाटतं, कारण आपण चुकलो हे म्हणायला तिला कुणी भाग पाडलं नव्हतं.

तेव्हा तुझ्या ग्रुपवर "गेले का" यावर भांडू नका, "काय लिहून देऊन गेले" यावर भांडा.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ रियाधला एसी रिपेअरिंगच्या कामात आहे, सहा वर्षं झाली. आम्ही चिपळूणजवळचे. तिथं हिंदी सिनेमावाल्यांचा मोठा शो होता तेव्हा तो आणि त्याच्या खोलीतले पाच जण गेले होते, पार लांब मागं उभे होते, स्टेजवरचा माणूस बोटाएवढा दिसत होता, पण त्यानं मला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, केवढा खूश होता, म्हणाला ताई सहा वर्षांत पहिल्यांदा सुट्टीसारखं वाटलं. तुमचं वाचून मला वाईट वाटलं. माझ्या भावानं काय पाप केलं? असले शो बंद पडले तर बड्या लोकांचं काय जाणार, त्याचीच एक संध्याकाळ जाईल. आणि त्याचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत आहे, मागितला तर देत नाहीत, हेही बहिष्कारानं सुटणार का?

तुमच्या पत्रानं मला दोन दिवस झोप नीट लागली नाही, खरंच सांगते. पहिलं उत्तर, तुमच्या भावानं काहीही चूक केलेली नाही. बहिष्कार हा ज्याच्याकडे नाही म्हणायची सोय आहे त्यानं करायचा असतो. कोटी-कोटी रुपये घेणाऱ्या नटाला ती सोय आहे, त्याच्या घरातली चूल त्या एका शोवर पेटत नाही. सहा जणांच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला ती सोय नाही, आणि त्यानं एक संध्याकाळ आनंदात घालवली तर ती त्याची हक्काची आहे. सौदीत आपले भारतीय पंचवीस लाखांच्या आसपास आहेत, त्यातले बहुतेक असेच घाम गाळायला गेलेले. १० डिसेंबर २०२१ ला सलमान खानचा शो रियाधमध्ये झाला तेव्हा त्या गर्दीत असे किती तरी भाऊ असणार.

पण ताई, तुमच्याच पत्रात दोन गोष्टी शेजारी-शेजारी आल्यात, तो शो आणि ती तिजोरी, तुम्ही त्या वेगळ्या समजून लिहिल्यात पण त्या वेगळ्या नाहीत. २०१६ मध्ये सौदीनं मनोरंजनासाठी सरकारी खातंच काढलं, व्हिजन २०३० नावाची मोठी योजना आहे त्याचाच तो भाग. २०१७ पर्यंत तिथं सिनेमा थिएटरवर बंदी होती, २०१८ मध्ये पहिलं थिएटर उघडलं, २०१९ पासून रियाध सीझन हा करमणुकीचा मोठा महोत्सव सुरू झाला. तिथल्या तरुण पोरापोरींना हे हवंच होतं, त्यांना करमणूक मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच काळात फाशी आणि शिरच्छेदांचा आकडा वाढत गेला, ॲम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०२४ मध्ये किमान ३४५ जणांना मृत्युदंड दिला गेला. आणि परदेशी कामगाराचं सगळं आयुष्य मालकाच्या सहीवर टांगलेलं ठेवणारी कफाला पद्धत, तिच्यात २०२१ मध्ये काही सूट दिली, नोकरी बदलणं थोडं सोपं केलं, तरी तुमच्या भावाचा पासपोर्ट अजून तिजोरीतच आहे. म्हणजे रोषणाई खरी आहे आणि तिजोरीही खरी आहे, आणि रोषणाई जेवढी मोठी तेवढी तिजोरी कुणाला दिसत नाही, माझा राग आहे तो यावर. आपला एखादा मोठा नट, ज्याला समोरची अर्धी गर्दी आपलीच आहे हे पक्कं माहीत असतं, तो स्टेजवर "यहाँ के सारे भारतीय भाइयों" म्हणून टाळ्या घेतो, तर आयोजकांशी बोलताना त्यानं एवढं तरी विचारावं की या भावांचे पासपोर्ट त्यांच्या खिशात आहेत का.

दबावानं काही होतं का, तर होतं. कतारचा फुटबॉल वर्ल्ड कप आठवा. २०१० मध्ये यजमानपद मिळालं, मग स्टेडियम बांधणाऱ्या कामगारांच्या मरणाच्या, थकलेल्या पगाराच्या बातम्या दहा-बारा वर्षं सतत येत राहिल्या, युनियन, पत्रकार, फॅन लोक मागंच लागले, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१८ मध्ये दोह्यात ऑफिस उघडलं. देश सोडायला मालकाची परवानगी लागायची ती अट गेली, नोकरी बदलायला मालकाची एनओसी लागायची ती २०२० मध्ये गेली, मार्च २०२१ पासून महिन्याला १००० रियाल किमान पगार सगळ्यांना लागू झाला. हे सगळं कागदावर आहे तसंच प्रत्यक्षात उतरलं असं मी म्हणणार नाही, मेलेल्यांच्या घरच्यांना न्याय मिळाला असं तर अजिबात नाही. पण वर्ल्ड कप दुसरीकडे असता तर एवढंही झालं नसतं, आणि कुणी ओरडलं नसतं तर वर्ल्ड कप असूनही झालं नसतं. आता २०३४ चा वर्ल्ड कप सौदीला दिलाय, डिसेंबर २०२४ मध्ये ठरलं. ती स्टेडियमं आपल्याच लोकांनी बांधायची आहेत, त्यातल्या काहींचे एसीही बहुतेक तुमच्या भावासारखेच कुणी बसवतील.

पासपोर्टचं तेवढं आधी बघा. कामगाराचा पासपोर्ट मालकानं स्वतःकडे ठेवणं सौदीच्या कायद्यातही बेकायदा आहे. भावानं आधी पासपोर्टची, इकाम्याची म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याची आणि कराराची कॉपी मोबाइलवर तुम्हाला पाठवून ठेवायची. आपल्या परराष्ट्र खात्याचं मदद नावाचं पोर्टल आहे, त्यावर नातेवाइकांनी इथून तक्रार टाकलेली चालते, भावाला तिथं पुढं यायची गरज नाही. तरी टाकण्याआधी त्याला विचारा, त्याची नोकरी आहे, निर्णय त्याचा.

प्रश्न : मी नागपूरचा निवृत्त शिक्षक. बहिष्कारानं जगात आजवर कुठलं सरकार सुधारलं आहे, एक तरी उदाहरण द्या.

सर, दक्षिण आफ्रिका.

एका शब्दात उत्तर देऊन थांबता आलं असतं पण तुम्ही शिक्षक आहात, पुढचा प्रश्न विचारणारच. आमच्या मामांचा जुना पासपोर्ट मी लहानपणी बघितला होता, त्यात लिहिलेलं होतं की दक्षिण आफ्रिका सोडून बाकी देशांसाठी वैध. मी मामांना विचारलं, आफ्रिकेनं आपलं काय वाकडं केलंय, तर मामा म्हणाले, तिथं आपल्याला आणि काळ्या लोकांना बाकावर बसू देत नाहीत. मला तेव्हा शाळेतला बाक वाटला होता. आपला देश स्वतंत्र व्हायच्याही आधी, १९४६ मध्ये, भारतानं त्या देशाशी व्यापार तोडला होता, असं करणारा पहिला देश आपण. आणि १९७४ ला टेनिसच्या डेव्हिस कपची फायनल, विजय आणि आनंद अमृतराज भर फॉर्मात, कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला हरवून आलेली टीम, समोर दक्षिण आफ्रिका. भारत खेळलाच नाही. कप त्यांना न खेळता मिळाला. भारताला डेव्हिस कप आजतागायत मिळालेला नाही, त्या मुलांच्या हातातोंडाशी आलेला घास होता तो, पण देश म्हणून आपण त्या वर्षी जे केलं त्याचा मला कप जिंकण्यापेक्षा जास्त अभिमान आहे.

करमणुकीच्या बाजूनं बघायचं तर सन सिटी. जोहान्सबर्गहून काही तासांवर, बोफुथात्स्वाना नावाच्या भागात, ज्याला गोऱ्या सरकारनं 'स्वतंत्र देश' म्हणून जाहीर केलं होतं आणि जगात दुसऱ्या कुणीही मान्यता दिली नव्हती, तिथं कसिनो आणि भलंमोठं स्टेज उभारलं, परदेशी गायकांना सांगायचे की तुम्ही दक्षिण आफ्रिकेत गातच नाही आहात, हा वेगळा देश आहे. भरमसाठ पैसे द्यायचे. १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सांस्कृतिक बहिष्काराचा ठराव केला होता, १९८३ पासून तिथं जाणाऱ्या कलाकारांची यादी काढायला लागले. क्वीन हा बँड १९८४ मध्ये गेला, ब्रिटनच्या संगीतकारांच्या युनियननं त्यांना दंड केला. १९८५ मध्ये अमेरिकेत पन्नासेक कलाकारांनी एकत्र येऊन जाहीर केलं की आम्ही सन सिटीत गाणार नाही.

पण हे यशस्वी का झालं, मला वाटतं याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. मागणी आतून आली होती. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसनं (एएनसी), अल्बर्ट लुथुलींसारख्या नेत्यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटीच जगाला सांगितलं होतं की आमच्यावर बहिष्कार घाला, आम्हाला त्रास होईल हे माहीत आहे, तरी घाला. ज्याचं जळतं त्याला कळतं, त्यानंच सांगितलं. नाहीतर लंडनमध्ये बसून दुसऱ्याच्या पोटावर पाय देणं सोपं असतं. त्यातही सगळं सोपं नव्हतं, अमेरिकन गायक पॉल सायमन १९८५ मध्ये एएनसीला न विचारता जोहान्सबर्गला गेला, तिथल्या कृष्णवर्णीय गायक-वादकांबरोबर रेकॉर्डिंग केलं, त्यामुळं त्या कलाकारांना जगभर नाव मिळालं आणि बहिष्कार मोडल्याचा आरोपही त्याच्यावर कायम राहिला, दोन्ही बाजूंचे लोक आजही त्यावर वाद घालतात. मला विचाराल तर त्यानं आधी विचारायला हवं होतं.

एकट्या बहिष्कारानं वर्णभेद गेला असं मी म्हणत नाही, तिथल्या लोकांनी रस्त्यावर जीव दिले, पैशाचे निर्बंध आले, मंडेला २७ वर्षांनी फेब्रुवारी १९९० मध्ये सुटले. पण क्रिकेटवेड्या गोऱ्यांना वीसेक वर्षं एकही टेस्ट खेळता आली नाही, हे त्यांना रोजच्या रोज टोचत होतं. आणि दक्षिण आफ्रिका परत आली ती कुठं, तर नोव्हेंबर १९९१ मध्ये ईडन गार्डनला, आपल्याविरुद्ध. ती मॅच तुम्ही बघितली असेलच, सर.

प्रश्न : आम्ही जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. मुलगी पंधरा वर्षांची, युरोव्हिजन या देशादेशांमधल्या गाण्याच्या स्पर्धेची प्रचंड फॅन, दरवर्षी मैत्रिणी जमवून स्कोअर लिहीत बसते. या वर्षी तिच्याच ग्रुपमध्ये बघायचं की नाही यावरून रडारड झाली. मी तिला काय सांगू?

या वेळचा वाद यजमानाचा नाही, २०२६ चा यजमान व्हिएन्ना आहे, वाद आहे तो गाझातल्या युद्धानंतरही इस्रायलला स्पर्धेत ठेवायचं का याचा. डिसेंबर २०२५ मध्ये ठेवायचं ठरलं आणि स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया, आइसलँड हे पाच देश बाहेर पडले. पंधरा वर्षांची मुलगी यावर रडते म्हणजे तिला त्याचं काहीतरी वाटतं, ते वाटणं दडपू नका. तिला २०१२ ची बाकूची गोष्ट सांगा, कारण मी जेव्हा जेव्हा या विषयावर विचार करते तेव्हा माझं मन बाकूपाशीच अडकतं.

२०११ मध्ये अझरबैजान जिंकलं, म्हणून पुढची स्पर्धा बाकूला. कॅस्पियन समुद्राच्या काठावर क्रिस्टल हॉल बांधला. त्याच भागात रस्ते, बाग, पार्किंगसाठी म्हणून राहती घरं पाडली जात होती. ह्यूमन राइट्स वॉचनं एकेका कुटुंबाला भेटून लिहून ठेवलंय, काही ठिकाणी लोकांचं सामान आत असताना भिंती पाडल्या, हातात टेकवलेली भरपाई बाजारभावापेक्षा कमी. सरकार म्हणालं की याचा स्पर्धेशी संबंध नाही, आधीपासूनची योजना आहे. एप्रिल २०१२ मध्ये इद्रक अब्बासोव नावाचा पत्रकार शहराच्या दुसऱ्या भागातली अशीच पाडापाडी शूट करत होता, त्याला सरकारी तेल कंपनीच्या सुरक्षारक्षकांनी बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. महिनाभरानं, २६ मेला, त्याच शहरात फायनल झाली, गाणी, लेझर, आतषबाजी. आणि हेही सांगा की २००९ मध्ये अझरबैजानमधून ४३ जणांनी शत्रुराष्ट्र आर्मेनियाच्या गाण्याला मोबाइलवरून मत दिलं, तर त्यातल्या माणसांना चौकशीला बोलावलं होतं. गाण्याला मत दिलं म्हणून!

आता गंमत नव्हे, दुःख ऐका. बाकूतल्या कार्यकर्त्यांनी बहिष्कार मागितलाच नव्हता. रसूल जाफरोव आणि त्याच्या साथीदारांनी मोहीम काढली होती, लोकशाहीसाठी गा अशी. त्यांचं म्हणणं, या, कॅमेरे घेऊन या, गा, आणि आमच्याबद्दल बोला. बेचाळीस देशांचे कलाकार आले, त्यातली एकटी त्यांना भेटायला गेली, स्वीडनची लोरीन, आणि तिनं पत्रकारांना सांगितलं की इथं रोज हक्कांची पायमल्ली होते, अशा गोष्टीवर गप्प राहू नये. सरकार चिडलं. आणि तीच जिंकली. जर्मनीचे मार्क वाचून दाखवणारी आंके एंगेल्के लाइव्ह बोलताना म्हणाली की मत देता येणं चांगलं असतं, निवड करता येणं चांगलं असतं, आणि युरोप तुमच्याकडे बघतोय. तुमच्या मुलीला हे सहज सापडेल, बघू दे.

पण युरोपनं पुढं बघितलं का? स्टेज उतरलं, कॅमेरे गेले. ऑगस्ट २०१४ मध्ये रसूल जाफरोवला अटक झाली, साडेसहा वर्षांची शिक्षा, डिसेंबरमध्ये पत्रकार खदिजा इस्मायिलोवा आत. २०१५ मध्ये त्याच बाकूत युरोपियन गेम्स झाले, तेव्हा दोघंही तुरुंगात होते. मार्च २०१६ मध्ये जाफरोव माफी मिळून सुटला, त्याच दिवशी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं निकाल दिला की त्याला गप्प करण्यासाठीच अडकवलं होतं.

मुलीला बघायचं असेल तर बघू दे, नसेल तर नको, मैत्रिणीला जबरदस्ती नको. पण स्कोअर लिहायच्या वहीत शेवटी ही दोन नावं लिहून ठेव म्हणावं, रसूल आणि खदिजा, आणि पुढच्या वर्षी कुठंही स्पर्धा झाली तरी तिथं असं कोण आहे ते आधी शोध.

प्रश्न : दुसऱ्याच्या देशात नाक खुपसण्याआधी आपल्या घरात बघा. आपल्याकडे सगळं आलबेल आहे का? (कोल्हापूर)

नाही. जानेवारी २०२१ मध्ये इंदूरला मुनव्वर फारुकीला त्यानं त्या शोमध्ये न केलेल्या जोकसाठी उचललं, महिन्याहून जास्त तुरुंगात राहिला. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारला एका कॉमेडियनच्या व्हिडिओवरून शूटिंगच्या स्टुडिओची तोडफोड झाली. तेव्हाही मी याच पानावर लिहिलं होतं आणि तेव्हा मला याच्या उलट पत्रं आली होती, की परदेशात काय चाललंय ते आधी बघा. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही खोड वाईटच, पण त्यावर इलाज म्हणजे दोन्हीकडचं झाकणं नव्हे. उद्या आपल्या एखाद्या महोत्सवाला परदेशी कलाकारानं येऊन इथल्या तुरुंगातल्या माणसाचं नाव घेतलं तर मला राग येणार नाही. तुम्हाला येईल का, ते मनाशी ठरवा.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको मूळचे म्हापशाचे, अबूधाबीत नोकरीला. रियाध सीझनची तिकिटं आणि विमान दोन्ही बुक झालंय. जाऊ की नको? गेलो तर निदान काही पोस्ट टाकावी का?

पैसे भरलेत, जा. सौदीतल्या कुठल्या मोठ्या चळवळीनं सामान्य प्रेक्षकाला येऊ नका असं सांगितलेलं मी वाचलेलं नाही, त्यामुळं मी इथं बसून तुम्हाला अडवणार नाही.

पोस्टचं मात्र नीट ऐका. तिथून काहीही टाकू नका, अबूधाबीतूनही नको. सलमा अल-शहाब ही सौदीची मुलगी ब्रिटनमध्ये लीड्सला पीएचडी करत होती, सुट्टीत घरी आली आणि ट्वीट्सवरून पकडली गेली, ऑगस्ट २०२२ मध्ये ३४ वर्षांची शिक्षा सुनावली होती, पुढं कमी होत होत ती फेब्रुवारी २०२५ मध्ये सुटली. घरी दोन लहान मुलं होती तिला. मोहम्मद अल-गामदी हा रिटायर्ड शिक्षक, त्याला हाताच्या बोटावर मोजण्याइतके फॉलोअर असलेल्या अकाउंटवरून लिहिलं म्हणून २०२३ मध्ये मृत्युदंड सुनावला होता, नंतर तो रद्द होऊन ३० वर्षं झाली. बोलायची जबाबदारी पहिल्यांदा त्यांची, ज्यांना राजाच्या पाहुण्यासारखं नेतात आणि ज्यांना हात लावायची कुणाची हिंमत नाही. तुमची नाही. तुम्ही सुट्टीला म्हापशाला आलात की मला पत्र लिहा, तिकडं काय बघितलंत, कुणाशी बोललात, तुमच्या हॉटेलात रात्री साफसफाई करणारा माणूस कुठला होता आणि त्याला महिन्याचा पगार वेळेवर मिळतो का, तुमचं नाव न घालता छापीन.